सुईवालीचा डोस

प्रयोगशाळेत तिला सगळे सुईवाली म्हणत, कारण उंदराला टोचावं ते तिनंच. नऊ वर्षांत एक थेंब इकडचा तिकडे नाही. तरी त्या सोमवारी सरांनी सगळ्यांसमोर तिला सुनावलं, "तुम्ही दुप्पट डोस दिलात. शुक्रवारी चौकशी. नोकरीचं काही सांगता येत नाही."

झालं होतं असं. पंधरा दिवस रोज मॉर्फिन, म्हणजे वेदना मारणारं औषध, टोचून बारा उंदीर त्याला सरावले होते. औषध अंगात असूनही त्यांना चटका जाणवायचा, गरम पत्र्यावर पाय चटकन उचलायचे. मग खोलीतला नळ फुटला, पिंजरे शेजारच्या खोलीत हलवले, आणि तिथे तेवढ्याच डोसात सगळे पेंगले. पत्र्यावर ढिम्म. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं म्हणत ती धुमसत घरी आली.

तोच नणंदेचा फोन. "वहिनी, आईची गोळी बदललीस का गं? आज दुपारी बारापर्यंत उठलीच नाही."

सासूबाई कालच लेकीकडे राहायला गेल्या होत्या. इथे रोज तीच झोपेची गोळी घ्यायच्या आणि टक्क जाग्या. "पिठाची आहे मेली," म्हणायच्या.

गोळी तीच, सासू तीच, बदलली ती खाट. सुईवाली खाली बसली. आपल्या खाटेवर पडलं की अंगाला आठवत असणार, आता गोळी येणार, आणि ते आधीच कंबर कसत असणार. परक्या घरी गाफील सापडलं बिचारं.

शुक्रवारी ती म्हणाली, "सर, आज सिरिंज तुम्ही भरा, टोचाही तुम्हीच. फक्त सहा उंदीर जुन्या खोलीत, सहा नव्या."

जुन्या खोलीतल्यांनी पाय चटाचट उचलले. नव्या खोलीतले पेंगले. शनिवारी सरांनी अदलाबदल केली. काल पेंगलेले जुन्या खोलीत येताच ताळ्यावर.

"डोस बरोबर होता," सर हळूच म्हणाले. "चुकलं माझं."

"आरोप चारचौघांत केलात. आता हे लेखी द्या."

सरांनी लिहिलं, सही केली, चारचौघांत वाचलंही. तिचे डोळे भरून आले, पण मान ताठ होती.

घरी परतलेल्या सासूबाईंना तिनं तो कागद वाचून दाखवला, आणि कोडं त्यांच्या झोपेनं सुटलं हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बघ," त्या म्हणाल्या, "मी नुसती झोपले तरी घराच्या कामी येते."