सोमवारची लाईन

मचाणावर बसून वर्षाने अँटेनाच्या दोन्ही काड्या पुन्हा एकदा मोजल्या. त्रेपन्न सेंटिमीटर, त्रेपन्न सेंटिमीटर, मधला कोन एकशे वीस अंश. चूक तिथे नव्हती. अँटेनाची केबल पेन ड्राइव्हएवढ्या रेडिओत जात होती आणि रेडिओ फोनला जोडलेला होता. त्याला ना बटण ना काटा. कुठली लहर पकडायची ते फोनवरचं ॲप ठरवायचं. नऊ बेचाळीसला हवामानाचा एक उपग्रह उत्तरेकडून उगवणार होता आणि मावळेपर्यंत, म्हणजे बारा मिनिटं, खालच्या जमिनीचं चित्र ओळीओळीने पाठवत जाणार होता. तीन महिन्यांत वर्षाला त्यातली एक ओळही मिळाली नव्हती.

जूनमध्ये तिचं बी.एस्सी. संपलं. "शिकलेली पोरगी हाय, पुस्तक घेऊन मचाणावर बसन," असं तिच्या बापाने, उत्तमसिंगने, ठरवून टाकलं. तेव्हापासून सकाळी आठला शेतात शिरायचं आणि दिवस मावळला की बाहेर पडायचं. पिकावर दिवसा वानरं यायची, रात्री रोही, म्हणजे नीलगाई. चार एकर तुरीला चारी बाजूंनी तारेचं कुंपण, आणि आत-बाहेर करायला एकच जागा: पार विहिरीकडच्या कोपऱ्यात, आकड्यांत अडकवलेल्या तीन तारा. झटका मशीन त्या तारांत दर सेकंदाला एक फटका सोडायचं. तो रेडिओतही ऐकू यायचा. टक्, टक्, टक्. कान आभाळाला लावला तरी कुंपणच ऐकू येई.

गेल्या बुधवारी मशीन बिघडलं आणि काका भीमसिंग ते दुरुस्तीला दारव्ह्यात टाकून आला. तारेत आता काही नाही म्हणून वर्षा आजही हातानेच आकडे काढून आत आली होती. रेडिओ कधी नव्हे इतका शांत होता, आणि इतके दिवस क्षितिजालगत जाणारा उपग्रह आज डोक्यावरून जाणार होता.

नऊ एकतीसला आवाज सुरू झाला. टक् टक् नव्हे. सलग घर्रर्र.

तिने आधी स्वतःच्याच वस्तूंवर संशय घेतला. अँटेना काढली; आवाज गेला. म्हणजे तो बाहेरून येत होता. अर्ध्या सेकंदाचं रेकॉर्डिंग पडद्यावर ताणून पाहिलं, तर दर दहा मिलिसेकंदांनी एक टोक. सेकंदाला शंभर. घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, आणि एका हेलकाव्यात ठिणगी दोनदा उडते.

तिने मान वळवून कुंपणाकडे पाहिलं. दवाने ओलं झालेलं गवत खालच्या तारेला टेकलं होतं. तिथून बारीक वाफ निघत होती.

मग सकाळी नजरेतून सुटलेली, विहिरीकडून आलेली लाल केबल दिसली. मशीन नाही म्हणून काकाने मोटरीच्या पेटीतून लाईन सरळ तारेत सोडली होती. गेले चार दिवस शेतीला रात्रीची लाईन, म्हणजे वीज, होती. दिवसा तार मेलेलीच, म्हणून केबल काढायची तसदी त्याने घेतली नसणार. आज सोमवार. आजपासून तीन दिवस लाईन दिवसाची, साडेनऊपासून.

आठ वाजता तिने तिन्ही आकडे याच हाताने काढले होते. तिने तळहात ओढणीला पुसला.

काकाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. विहिरीपलीकडच्या शेतात कापूस वेचताना तो सदरा फोनसकट विहिरीवर टांगून ठेवायचा. तिने हाका मारल्या. वारा उलटा होता. मचाणावर ती सुरक्षित होती, लाईन जाईपर्यंत. पण तिची याडी, म्हणजे आई, मानीबाई पावणेदहाला भाकर घेऊन यायची आणि तारा विळ्याने उचलायची. झटक्याच्या तारेला तांड्यातल्या सगळ्याच बाया तसं करत: लाकडी मूठ धरायची, पात्याने आकडा काढायचा. आज सकाळी त्याच विळ्याने तिने ओलं गवत कापलं होतं; मूठही भिजलेली असणार.

पांदणीच्या वाटेवर याडीच्या डोक्यावरचं टोपलं दिसलं. वर्षा फोन तिथेच टाकून उतरली आणि तुरीतून धावत सुटली.

"याडी! थांब! तारेजवळ नको जाऊ!"

"काहून वरडून राह्यली? वाघ आला का?" मानीबाईने टोपलं खाली ठेवून विळा काढला.

"तारेत डायरेक्ट लाईन हाय!"

"मशीन तं दारव्ह्यात पडलं हाय. लाईन काय उडून आली?"

"काकानं मोटरीतून जोडली."

"जोडली असन. इळ्याले लाकडाची मूठ हाय. सात वर्सं झाले, मीच उचलून राह्यलो या तारा."

पातं वरच्या आकड्याकडे गेलं. वर्षा कुंपणाच्या आत दोन हातांच्या अंतरावर उभी होती. याडीला मिलिसेकंद सांगून उपयोग नव्हता.

"लाव," ती म्हणाली. "मंग मीबी लावतो." आणि तिने खरंच हात पुढे केला.

विळा थांबला. पोरीच्या चेहऱ्याकडे बघत मानीबाईने तो मागे घेतला. मग विहिरीकडे तोंड करून तिने अशी हाक मारली की भीमसिंग अनवाणीच पळत आला.

"लाईन रात्रीची हाय ना," सगळं ऐकून तो हसला. "दिवसा कुठची आली? हे पाह्य." त्याने तार मुठीत धरायला हात उचलला.

"काका, आधी मोटर चालू करून पाहा!" वर्षा ओरडली. "नाई चालली तं खुशाल धरा."

"वयनी, तुही पोरगी लयच शास्त्रज्ञ झाली," म्हणत तो गेला. थोड्या वेळाने मोटर घुमली, पाईपातून पाणी पडू लागलं. मोटर बंद झाली. काका मात्र बराच वेळ आला नाही.

आला तेव्हा हसत नव्हता. "काढली पेटीतून. ये बाहेर."

"केबल पुरी काढा."

"पेटीतून काढली ना! गुरुवारी लाईन रात्रीची झाली का लावाच लागते. रोह्यांनी अर्धा एकर साफ केला, माहीत हाय ना तुले? मशीन शुक्रवारी भेटते."

"तं मी शुक्रवारी बाहेर येतो."

"ऐकता का, वयनी? म्हने शुक्रवारी!"

मानीबाई कुंपणाबाहेर मांडी घालून बसली होती. "रात्री तू जोडशीन, सकाळी भाकर मी आणीन," ती म्हणाली. "हात माहा लागन. तुह्या दादाले काय सांगशीन?"

भीमसिंगने मान खाजवली. मग उकिडवा बसून तो तारेला पीळ दिलेली केबल सोडू लागला, आणि कोपर-अंगठ्यात वेटोळं घेत ती आपल्याकडे ओढू लागला.

उपग्रह केव्हाच मावळला होता. वर्षाने मचाणाकडे पाहिलं नाही. लाल केबलचं दुसरं टोक गवतातून घसरत आलं आणि वेटोळ्यात गेलं, तेव्हाच ती पुढे झाली. तरीही पहिला आकडा तिने आधी हाताच्या पाठीने शिवून पाहिला.