दोन सह्यांचं खातं

पळसदरीचा हिरामण एका बाईवर जळत होता, आणि जळत होता म्हणजे असातसा नव्हे. तो चुलीजवळून नुसता गेला तरी विझलेलं लाकूड पुन्हा धुमसायला लागायचं. शेजारणी त्याच्या पाठीवर पापड वाळवायच्या असं सांगणारे लोक आहेत, पण ते साफ खोटं. पापड उन्हाळ्यात करतात आणि हे सगळं घडलं दिवाळीनंतर.

ती बाई म्हणजे शेजारची चंद्राबाई. ती आणि हिरामणची बायको रोहिणी, दोघी मिळून खालापुराकडच्या फार्महाऊसवाल्यांना शनिवार-रविवारी तांदळाच्या भाकऱ्या करून द्यायच्या. चंद्राबाई थापायची, रोहिणी भाजायची. चंद्राबाईची भाकरी इतकी पातळ, की उजेडात धरली तर आरपार माथेरानचा डोंगर दिसावा. तिच्या हातातली भाकरी सुटायची आणि त्याच क्षणी रोहिणीचा तवा मोकळा व्हायचा. दीडशे भाकऱ्या होईस्तोवर दोघींना एका शब्दाची गरज पडायची नाही. हिरामणला मात्र याच बायकोकडं मीठ मागायचं, तर आधी खाकरावं लागे, मग हाक मारावी लागे, मग पुन्हा एकदा हाक मारावी लागे.

एकदा त्यानं हट्टानं चंद्राबाईची जागा घेऊन पाहिली. त्याची पहिली भाकरी झाली थेट रायगड जिल्ह्याच्या नकाशासारखी.

चंद्राबाईनं ती उलटसुलट करून पाहिली. "भावजी, समदं बेस हाय, पण हिच्यात अलिबाग कुठं ठिवलं?"

रोहिणी इतकी हसली की तव्यावरची करपली. हिरामणनं ती करपलेली मुकाट्यानं खाल्ली.

असं सगळं चाललेलं असताना एका रात्री जेवताना रोहिणी म्हणाली, "उद्या कर्जतला चाललोय आमी दोघी. ब्यांकेत जॉइंट खातं काढायला."

हिरामणनं उचललेला घास परत ताटात ठेवला. "कुणाचं नि कुणाचं?"

"माझं नि चंद्राचं. फार्महाऊसचा म्यानेजर म्हंतो, दोन ठिकाणी पैसं टाकायला जमत नाय."

"जॉइंट खातं नवरा-बायकोचं असतंय!"

"मग चोवीस वर्सांत काढलं का नाय?"

त्याचं खातं त्याचं, तिचं खातं तिचं. दोन्ही पासबुकं एकाच पत्र्याच्या पेटीत, पण एकमेकांकडं पाठ करून.

हिरामणनं अंथरुणावर पडल्या पडल्या विचार केला आणि त्याला एक भयंकर गोष्ट उमगली. जॉइंट म्हणजे जोडणं. रेशनकार्डावर एक माणूस दोन घरांत असतो का? नसतो. एका कार्डावरचं नाव कमी केल्याशिवाय ते दुसऱ्यावर चढत नाही, त्यासाठी तहसीलदार कचेरीत त्यानं स्वतः चार हेलपाटे घातले होते. तेच बँकेचं. उद्या रोहिणीचं नाव एकदा का चंद्राबाईशी जोडलं, की हिरामण जन्माचा सुटा राहिला!

सकाळी त्यानं लग्नकार्याचा शर्ट चढवला. "चल, मी सोडतो मोटारसायकलवर. चंद्राबाय येतील मागनं रिक्षानं." आणि त्यानं गाडी अशी हाणली की ती कर्जतला पोचली तेव्हा तिचा आवाज अजून अर्ध्या वाटेवर होता. तो दहा मिनिटांनी आला.

बँकेत खाती उघडणाऱ्या टेबलावर प्राची मॅडम बसत. पंचविशीतली, चष्म्याची मुलगी. हिरामण रांगबिंग सोडून तिच्यापुढं उभा राहिला. "मॅडम, हिचं नि माझं जॉइंट खातं काढा. लगीच. ती दुसरी बाई यायच्या आत."

सगळी बँक गप्प झाली. नोटा मोजायचं मशीनसुद्धा थांबलं. दारावरचा बंदूकवाला खुर्ची ओढून जवळ आला.

"कोण दुसरी बाई?" मॅडमनी रोहिणीकडं कळवळून पाहिलं.

रोहिणीनं तोंडाला पदर लावला होता, पण खांदे हलत होते. "दुसरी बाई माझी हाय, मॅडम. त्यांची नाय."

तेवढ्यात चंद्राबाई आलीच. मग सगळं ऐकून घेऊन मॅडम म्हणाल्या, "काका, एका माणसाची कितीही जॉइंट खाती असू शकतात. वेगवेगळ्या माणसांबरोबर. दहा काढा."

"धा?" हिरामणच्या डोळ्यांपुढं पळसदरीतल्या समस्त बायका आधार कार्ड घेऊन रोहिणीपुढं रांगेत उभ्या राहिल्या.

"दोन्ही काढून टाका आजच," रोहिणी म्हणाली.

आधार झाले, पॅन झाले, फोटो चिकटले. आधी दोघींचा फॉर्म भरायला घेतला. मॅडमनी विचारलं, "पैसे काढायला कुणाही एकीची सही चालेल, की दोघींच्या—"

"एकीची बास," दोघी एकदमच म्हणाल्या. मॅडमचं वाक्यसुद्धा पुरं झालं नव्हतं.

मग नवरा-बायकोचा फॉर्म आला. तोच प्रश्न. हिरामण पटकन म्हणाला, "आमचं बी तसंच. एकाची."

रोहिणीनं टेबलावरचा फॉर्म आपल्याकडं ओढून घेतला.

"दोघांच्या," ती म्हणाली.

"का गं?" हिरामणचा आवाज मुंगीएवढा झाला.

"गेल्या साली म्हस इकलीत, तवा मला इचारलं व्हतं? मी धारेला भांडं घिऊन गेले, नि गोठ्यात नुसतं दावं."

चंद्राबाई या वेळी हसली नाही. उठून पाण्याच्या कूलरकडं गेली. ती हसली असती तर हिरामणला बरं वाटलं असतं. मॅडमनी जिथं फुली केली होती तिथं त्यानं सही केली.

आता तो नुसता जळत नव्हता, आतून कोळसा होत होता. एकाच बाईची दोन खाती. एकात डोळे मिटून विश्वास आणि दुसऱ्यात कुलूप, आणि कुलपाच्या बाजूला हा! पंधरा दिवस तो चंद्राबाईच्या दारावरून जाताना मान फिरवून जाई. त्यापायी एकदा विजेच्या खांबावर आदळला. खांब वाकला म्हणतात.

भाताचे पैसे नवरा-बायकोच्या नव्या खात्यात जमा झाले. खताची उधारी द्यायची होती म्हणून तो एकटाच बँकेत गेला. मॅडम म्हणाल्या, "दोघांच्या सह्या लागतील, काका. या खात्याला एटीएम कार्डही नाही. काकूंना घेऊन या."

नाइलाजानं मंगळवारी तो रोहिणीला घेऊन गेला. गर्दी होती. टोकन घेऊन दोघं बाकावर बसली ती पाऊण तास. एवढा वेळ अशी शेजारी शेजारी ती याआधी फक्त लग्नात बसली होती, आणि तेव्हा सगळं भटजीच बोलले होते. रोहिणी बोलायला लागली. तिला चुलीच्या धुरानं डोळ्याला पाणी येतं म्हणाली. गॅसची मोठी शेगडी घ्यायचं तिच्या मनात आहे म्हणाली. हिरामणला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाहेर पडल्यावर दोघांनी वडापाव खाल्ला.

पुढच्या सोमवारी हिरामण खाकरला. "उद्या येतीस का? दोनशे काढायचं हायत."

"कशापायी?"

"गाडी पंक्चर झालीय."

त्याच्या पुढच्या सोमवारी शंभर काढायचे होते. तेही पंक्चरसाठीच. आणि त्याच्या पुढच्या दोन सोमवारीही तेच.

"महिन्यात चवथं पंक्चर," रोहिणी म्हणाली, पण तिनं ठेवणीतलं लुगडं आधीच काढून ठेवलं होतं. "गाडीला चाकं किती हायत म्हनायची?"

"रस्ताच खराब हाय."

पौषात पेंढ्याला गिऱ्हाईक आलं. हिरामणनं त्याला ओटीवर बसवलं, चहा दिला आणि आत जाऊन विचारलं, "देऊ का गं? किती सांगू?" रोहिणीनं भाव सांगितला. तो त्यानं जसाच्या तसा बाहेर जाऊन सांगितला.

त्या मंगळवारी बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "आता एकाच सहीचं करून घिऊ या का? मॅडमला सांगते. तुमाला सारखा हेलपाटा."

दोन महिने ज्याच्यासाठी तो धुमसत होता, ते त्याच्या पदरात पडत होतं. हिरामण दचकून सरळ बसला. "नको नको! दोघांच्याच असू दे. हिशोबाला बरं असतंय."

रोहिणीनं त्याच्याकडं बघितलं आणि मग टोकनाच्या पाटीकडं बघितलं. जरा सरकून बसली, त्याच्या बाजूला.

समोरच्या रांगेत चंद्राबाई उभी होती. एकटीच. तिच्या खात्याला एकीची सही पुरायची, त्यामुळं बँकेचं काम निघालं की रोहिणी म्हणायची, तूच जा, मला भात टाकायचाय, मला धुणं हाय. चंद्राबाईनं बाकाकडं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. पैसे घेऊन झाले तरी ती जाईना. शेवटी ती तरातरा प्राची मॅडमपुढं जाऊन उभी राहिली.

"मॅडम, आमचं खातं बी दोघींच्या सह्यांचं करता येतं का वो?"

"येतं की. पण अर्जावर दोघींच्या सह्या लागतील. काकूंना सोबत घेऊन या एक दिवस."

"कवा आणू?"

"कवाबी आणा," हिरामण बाकावरूनच ओरडला, "फकस्त मंगळवार सोडून!"