गच्चीवरची सहा मिनिटं

"काका, दाबा की!" शिपाईताई ओरडली. "खाली वाहनतळ मोकळा केलाय. एक माणूस नाही तिथं. दाबा!"

"थांब गं. वर विचारतो."

"वर कोणाला? वर ते ड्रोनच आहे!"

हवालदारांनी डाव्या हाताने मोबाइल कानाला लावला होता. उजव्या हातात ते नवं यंत्र होतं. दिसायला बंदुकीसारखं, पण गोळी नसलेलं. ड्रोनवर रोखून चाप दाबला, की ते उडवणाऱ्याच्या ताब्यातून सुटतं आणि सावकाश खाली उतरतं, एवढंच त्याचं काम. इस्पितळाच्या गच्चीसमोर, वाहनतळाच्या वर, एक काळं ड्रोन घिरट्या घालत होतं. त्याच्या पलीकडे हेलिकॉप्टर आकाशात ताटकळत होतं. आत एक वेल्डर होता. पुलाच्या कामावर लोखंडी तुळई मांडीवर पडलेला, रक्त थांबत नसलेला. मध्ये ड्रोन असताना वैमानिक गच्चीवर उतरायला तयार नव्हता.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत, धरा जरा," फोनवर कंट्रोल रूममधला माणूस म्हणाला. हवालदारांनी धरलं.

खरं तर पोलिसांना ड्रोन उतरवायचा अधिकार देणारा नवा कायदा आला तेव्हा ठाण्यात सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला होता. दोन वर्षांपूर्वी एका सामन्यात असंच एक ड्रोन प्रेक्षकांवर घोंघावत होतं. तेव्हा स्थानिक पोलिसांना त्याला हात लावायचा अधिकार नव्हता. हवालदारांनी फोनवर फोन केले. चाळीस मिनिटांनी परवानगी आली, तोवर ते एका बाईच्या डोक्यात पडून झालं होतं. त्यानंतर चहाच्या प्रत्येक कपाबरोबर त्यांचं एकच पालुपद असे : "आमच्या हातात काहीतरी द्या, मग बघा."

आणि दिलं. पाच दिवसांचं प्रशिक्षण, शेवटी लेखी परीक्षा. 'कारवाईपूर्वी वरिष्ठांची परवानगी आवश्यक आहे काय?' या प्रश्नाला त्यांनी सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिलं होतं. पैकीच्या पैकी गुण पडले. फोटो असलेलं अधिकाराचं कार्ड मिळालं. ते पाहून बायको हसत म्हणाली होती, "आता तुम्ही ठरवणार? भाजी कुठली आणू, हे बाजारातून फोन करून विचारणारे तुम्ही!"

"ते वेगळं," हवालदार म्हणाले होते.

फोनवर एकदाचे साहेब आले. हवालदारांनी उभ्या उभ्याच टाचा जुळवल्या आणि सगळं सांगितलं.

"अहो, कार्ड कोणाच्या खिशात आहे?" साहेब म्हणाले. "माझ्या की तुमच्या?"

"माझ्या, सर."

"मग मला काय विचारताय?"

हवालदारांनी चाप दाबला. ड्रोन क्षणभर थबकलं आणि शहाण्यासारखं रिकाम्या वाहनतळात जाऊन बसलं. या सगळ्याला वीस सेकंदही लागले नाहीत. हेलिकॉप्टर उतरलं, स्ट्रेचर धावत आत गेलं. शेजारच्या इमारतीत ते उडवणारा एक घर-दलाल सापडला. फ्लॅटच्या जाहिरातीसाठी वरून चित्रण करत होता बिचारा. "मला कुठं माहीत होतं!" एवढंच तो सारखा म्हणत होता.

दुपारी इस्पितळातल्या पोलीस चौकीत हवालदार अहवाल लिहायला बसले. ड्रोन दिसल्याची वेळ, कारवाईची वेळ. मध्ये सहा मिनिटं. पुढे रकाना होता : विलंबाचे कारण.

त्यांनी साहेबांना फोन लावला नाही. साहेबांचाच आला. "वारा होता, असं लिहून टाका. गच्चीवर वारा असतोच."

"होता, सर. पण फार नव्हता."

"बघा बुवा. चौकशी लागेल, कार्ड जाईल. दोन वर्षं राहिलीत तुमची."

फोन ठेवून हवालदारांनी लिहिलं : 'परवानगी मागत होतो. परवानगीची गरज नव्हती.'

शिपाईताईने खांद्यावरून वाचलं. "काका, कशाला? जीव वाचला ना त्याचा!"

"पाय गेला."

"तो तसाही गेला असता कदाचित. डॉक्टरच म्हणाले."

"कदाचितच म्हणाले," हवालदार म्हणाले. त्यांनी सही केली, अहवाल तिच्या हातात दिला आणि जिना उतरून खाली गेले.

शस्त्रक्रियागृहाबाहेर वेल्डरची आई एकटीच बसली होती. वर्दी दिसताच ती उठली. "तुम्हीच ना हो ते? वरचं ते यंत्र तुम्हीच खाली उतरवलंत ना? नर्सबाई सांगत होत्या. देवासारखे धावलात."

"बसा, ताई." हवालदारांनी टोपी काढून हातात घेतली. "उतरवलं मीच. पण सहा मिनिटं आधी उतरवायला हवं होतं. मला तसा अधिकार होता. मी फोन करून विचारत बसलो."

"कोणाला विचारत होता?"

"साहेबांना."

"विचारावं लागतं?"

"नाही. आता नाही लागत."

ती परत खुर्चीवर बसली. आतून चाकांचा आवाज आला आणि थांबला. हवालदार उभेच राहिले. जावं की थांबावं, हे त्यांना कोणी सांगणार नव्हतं. ते थांबले.

मग तिने शेजारच्या खुर्चीवरची मुलाच्या कपड्यांची पिशवी उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली. हवालदार त्या खुर्चीवर बसले. दोघंही समोरच्या बंद दाराकडे बघत राहिली.