पिवळीच्या डिकीतलं वजन

माझं काम काय ते सांगायला गेलं की लोक आधी हसतात. शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये गाड्या असतात ना, त्यातली एकही गाडी इतरांपेक्षा फार शहाणी होऊ नये, हे बघायला मला ठेवलंय. जी जोरात पळते तिची वळणावरची पकड कमी करायची, जी छान वळते तिचा वेग कापायचा, आणि तरीही ऐकत नसेल तर सरळ डिकीत वजन टाकायचं. ते वजन खेळणाऱ्याला दिसत नाही, नुसतं जाणवतं. मग गाड्यांचे गट पाडायचे आणि निवडीच्या पानावर त्या अशा मांडायच्या, की कोणीही कुठलीही उचलली तरी त्याला वाटावं, आज आपण जिंकणार. ऑफिसात माझं नाव ब्रेकबाई पडलंय. पडू दे.

या गाड्या घडवतो माझा नवरा. म्हणजे त्याने दिवसभर जीव ओतून गाडी उभी करायची आणि मी संध्याकाळी तिचे पाय बांधायचे, असा आमचा संसार. इतकी वर्षं तो साहेबांनी सांगितलेल्याच गाड्या करत आला. चपट्या, काळ्या, जमिनीला नाक लावून चालणाऱ्या. या खेपेला पहिल्यांदाच त्याने स्वतःच्या मनाने एक गाडी केली. बुटकी, हळदी रंगाची, मागून जरा फुगीर. सगळे तिला पिवळी म्हणायला लागले. साहेबांनी नाक मुरडलं, पण खालच्या गटात तिला एक जागा दिली. नवऱ्याला इतका आनंद आमच्या लग्नातही झाला नव्हता, आणि मला हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

मग पिवळी जिंकायला लागली.

खेळ बाजारात यायच्या आधी आम्ही तो बाहेरच्या लोकांना खेळायला देतो. त्यांची नावं आम्हाला कळत नाहीत, सगळ्यांची नोंद ‘पाहुणा’ अशीच पडते. ऑफिसातल्या लोकांचे हात या खेळाला सरावलेले असतात, त्यामुळे साध्या माणसाला गाडी कशी वाटते ते पाहुण्यांवरूनच ठरवायचं, ही आमची पद्धत. पाहुणा म्हणजे सामान्य जनता. आणि ही सामान्य जनता पिवळीत बसून अख्ख्या गटाला धूळ चारत होती.

मी थोडं वजन टाकलं. जिंकली. इंजिनाची ताकद उतरवली. तरी जिंकली. टायर गुळगुळीत केले, ब्रेक ढिले केले, आणखी वजन टाकलं. बाईसाहेब पुन्हा पहिल्या. माझं डोकंच फिरलं. एवढा माज माझ्यासमोर आजवर कुठल्या गाडीने केला नव्हता. नवरा रोज पडल्या तोंडाने विचारायचा, आज तिचं काय काढून घेतलंस? मी म्हणायचे, तुझ्याच लाडाने बिघडलीय ती.

शेवटी साहेबांनी फर्मान काढलं. शुक्रवारपर्यंत पिवळी ताळ्यावर आली नाही तर तिला काढून टाका आणि त्या जागी काळी बसवा. ही काळी त्यांनी स्वतः सांगून करून घेतलेली, त्याच गटातली, आणि जागा नाही म्हणून बाहेर राहिलेली.  नवऱ्याने टेबलासमोरच्या भिंतीवरचं पिवळीचं चित्र काढलं, नीट गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं.  भांडला असता तर बरं झालं असतं.

घरी आमच्या सासूबाई. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या दिवसभर खुर्चीत, एक पाय स्टुलावर. आयुष्यभर त्यांनी टायपिंगचे क्लास घेतले. बोटांकडे बघायचं नाही, चुकलं की पान पहिल्यापासून, अशी शिस्त. वेळ जावा म्हणून नवऱ्याने ऑफिसातलं एक कॉम्प्युटरचं मशीन त्यांच्या खोलीत लावून दिलं होतं. त्या त्यावर मालिका बघतात, असा माझा समज.

त्याच दिवशी जेवताना त्या धुसफुसत होत्या. म्हणाल्या, पुलानंतरच्या डाव्या वळणावर आज गाडीचा मागचा भाग सुटतो. काल सुटत नव्हता.

“तिकडे कोणीतरी मेला रोज मागे वजन टाकतोय,” त्या म्हणाल्या. “तळपट होवो त्याचं.”

माझा घास हातातच राहिला. मागच्या चाकांवर वजन मी त्याच सकाळी टाकलं होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं, तर तो ताटात तोंड घालून बसलेला. मी अगदी गोड आवाजात विचारलं, आई, तुम्ही कुठली गाडी घेता? त्या म्हणाल्या, हळदीची, दुसरी कुठली? बाकीच्या सगळ्या दिसायला झुरळासारख्या.

मग हळूहळू उलगडा झाला. त्या मशीनवर नवऱ्याने पाहुण्यांसाठीचा आमचा खेळही घालून दिला होता. बाहेरच्या बाकी लोकांनी कंटाळून कधीच खेळ सोडून दिला होता. त्यामुळे आमचे पाहुणे म्हणजे एकट्या सासूबाई. ज्या सामान्य जनतेसाठी मी सगळा गट खालीवर करत होते, ती माझ्यासमोर बसून मीठ मागत होती. तो मेला कोण, हे मी तेव्हा सांगितलं नाही. मी भित्री नाही, पण माणसाला जेवण संपवायचं असतं.

शुक्रवारी मी त्यांना ऑफिसात घेऊन गेले. साहेबांना सांगितलं, जिंकते ती गाडी नाही, या जिंकतात. साहेब हसले. त्यांना मावशी म्हणाले, पाय ठेवायला खुर्ची पुढे केली, आणि मग डोळे मिचकावून मला म्हणाले, सिद्ध करून दाखव. ठरलं असं, की साहेबांनी पिवळी घ्यायची आणि सासूबाईंनी काळी. सासूबाई ऐकेनात. आपली गाडी या माणसाच्या हातात द्यायची म्हणजे काय? शेवटी पोराकडे बघून त्यांनी काळी घेतली, ती पण दोन बोटांत धरावी तशी.

शर्यत कसली, फजितीच ती. काळी घेऊन त्या पहिल्याच वळणाला पुढे गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. इकडे साहेबांची पिवळी पुलाच्या चढावर धापा टाकायला लागली. डाव्या वळणाला गिरकी घेऊन भिंतीवर आपटली. मशीनने चालवलेल्या गाड्यासुद्धा बाजूने निघून गेल्या. साहेब सगळ्यांत शेवटी आले. माझ्या मनात लाडू फुटत होते, आणि तेवढ्यात साहेब माझ्याकडे वळले.

“म्हणजे गाडी भंगारच आहे,” ते म्हणाले. “मग काढाच ती.”

 नवरा उठून दाराकडे निघाला होता. आता गप्प बसले तर पिवळी कायमची गेली, आणि बोलले तर घरी माझं काही खरं नव्हतं. मी बोलले. म्हणाले, साहेब, ती भंगार नव्हती, मी तिला भंगार केलंय. डिकीतलं वजन, उतरवलेली ताकद, गुळगुळीत टायर, ढिले ब्रेक, सगळं माझंच काम.

सासूबाईंनी खुर्ची सावकाश माझ्याकडे फिरवली.

“म्हणजे तो मेला तू.”

“हो, आई.”

 साहेब मात्र आता चांगलेच अडकले. म्हणाले, वजन काढलं तर मावशी सगळ्यांना हरवणार, ठेवलं तर बाकी कोणाला ही गाडी चालवता येणार नाही, मग मी ती ठेवू कुठे?  

“गाडीवरचं सगळं वजन काढ,” सासूबाई मला म्हणाल्या, “आणि माझ्यावर टाक.”

साहेबांना काही कळलं नाही. मी म्हटलं, एवढं साधं आपल्या कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही? जो सारखा जिंकतो त्याच्या नावावर वजन टाकायचं, म्हणजे तो कुठल्याही गाडीत बसला तरी वजन त्याच्याबरोबर जाणार आणि गाडी बिचारी सुटणार. सासूबाईंनी तेवढ्यात सगळ्यांना ऐकवलं, की क्लासमध्ये एखादी मुलगी फार हुशार निघाली तर त्या तिला अवघड उतारा द्यायच्या, बाकीच्यांची मशीन बिघडवून ठेवत नव्हत्या. माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. साहेबांनी मान डोलावली. पिवळी आपल्या जागेवर राहिली आणि नवरा दारातून परत फिरला. त्याला आईकडे बघू की बायकोकडे, असं झालं होतं.

मी पिवळीवरचं सगळं वजन उतरवलं, नोंदीतला ‘पाहुणा’ खोडून सासूबाईंचं नाव घातलं आणि त्यापुढे आकडा टाकायला बसले. हात कचरत होता. सासू झाली तरी गुडघ्याने अडलेली बाई, आणि दिवसभरात तिला हा एकच आनंद. त्या माझ्या खांद्यावरून आकडा बघत होत्या.

“सून आहेस म्हणून हात आखडता घेऊ नकोस,” त्या म्हणाल्या. “मीही घेणार नाही.”

मी चांगला दणदणीत आकडा टाकला. पुढच्या शर्यतीत त्या तिसऱ्या आल्या. घरी जाताना रस्ताभर माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि पोचल्या पोचल्या चपलाही न काढता मला मशीन लावायला सांगितलं.