रंगवलेले खांब

नेरे गावातल्या आमच्या गोठ्याचे सागवानी खांब सत्यजीतसाहेबांना फार आवडले. ते मुंबईचे, आमच्या शेताला लागूनच त्यांचं फार्महाऊस होतंय. दाव्यांनी घासून पडलेल्या खाचांवरून हात फिरवत ते सासऱ्यांना म्हणाले, "काका, हे खांब मला द्या. बदल्यात मी तुमच्या गाईसाठी पत्र्याची शेड बांधून देतो." सासरे हो म्हणाले आणि आम्ही गोठा उतरवला.

साहेब रविवारी खांब न्यायला येणार होते. "आपल्या घरची वस्तू शेणामातीची कशी द्यायची? लोकं नावं ठेवतील," म्हणत सासऱ्यांनी खांब धुतले, त्यांना रंधा मारला, लांबी भरून खाचा बुजवल्या आणि वर चॉकलेटी ऑइलपेंटचे दोन हात दिले.

साहेब आले आणि बघतच राहिले. "अहो काका, हे काय केलंत? मला जुनं लाकूड हवं होतं!"

"जुनंच हाय साहेब," सासरे हसत म्हणाले, "आता दिसत नाय इतकंच."

शेडचं नंतर बघू म्हणून साहेब गाडीत बसले. खाचाच हव्या होत्या, तर तसं तोंडानं सांगायला काय झालं होतं? माझं डोकं असं तापलं! पण तोवर गाडी वळलीसुद्धा.

संध्याकाळी सासऱ्यांनी त्यातला एक खांब अंगणात पुरला आणि त्याला गाय बांधली. मला म्हणाले, "घासू दे तिला. पडतील परत खाचा."

गाईनं रंग हुंगला आणि दावं ताणून, जाता येईल तितकी लांब जाऊन उभी राहिली.