दोन्ही हातांनी काढलेली मूत्रपिंडं

व्हिडिओतला चेहरा मी झाकला होता. आवाजही बदलला होता. सगळं स्वतःच शिकलोय, त्यामुळे जरा मस्तीच होती अंगात.

मेडिकल कॉलेजात शिक्षकांच्या मदतीसाठी एक खोली आहे, लायब्ररीच्या मागे. तिथला कॅमेरावाला मी. शिक्षकाचा तास शूट करायचा, मग दार लावून त्यालाच दाखवायचा. बाहेर कोणाला दाखवायचा नाही. एवढा एकच नियम.

शरीररचनेचे सर स्वतःहून आले होते. बायको गेल्यापासून शिकवताना मधेच शब्द सापडेनात त्यांना. "तास सोडून द्यावा म्हणतोय," म्हणाले. आमच्या बाईंनी, म्हणजे खोलीच्या प्रमुखांनी, त्यांना थांबवलं. म्हणाल्या, "सर, एक टर्म आमच्यावर सोडा." मग सर आणि मी, दोघं बसायचो शूटिंग बघत. सर अडकले की स्वतःच म्हणायचे, "हं, गेली गाडी बोगद्यात. पुढे ढकल रे." हळूहळू बोगदे कमी झाले.

मग सगळ्या शिक्षकांची कार्यशाळा ठरली. नमुना म्हणून शूटिंगचा एक तुकडा हवा होता. मी सरांचा निवडला. बाईंनी विचारलं, "सरांची परवानगी घेतलीस ना?" मी म्हटलं, "हो हो."

घेतली नव्हती. चेहरा दिसतच नाही, तर विचारायचं काय, असं वाटलं.

कार्यशाळेत पडद्यावर धूसर तोंडाचा माणूस अडकला. मग वळला आणि दोन्ही हातांत खडू घेऊन दोन मूत्रपिंडं एकदम काढली. उजवं जरासं खाली.

असं अख्ख्या कॉलेजात एकच माणूस काढतो.

"अरे, हे तर आपले डबल खडू!" मागून कोणीतरी ओरडलं. हॉल हसला. सर पुढेच बसले होते. तेही हसले. सगळ्यांच्या नंतर, जरा जास्तच. मला तिथेच मेल्यासारखं झालं.

घरी ताईला सांगितलं.

"विचारलं होतंस त्यांना?"

"चेहरा झाकला होता गं."

"मी काय विचारतेय?"

मी ताट उचलून उठलो.

दुसऱ्या दिवशी बाईंना खरं सांगितलं. त्या रागावल्यासुद्धा नाहीत. नुसतं म्हणाल्या, "आता इथे कोण येईल रे?"

सरांच्या तासाला गेलो, माफी मागायला. कॅमेरा नेला नाही. ते दारातच भेटले.

"सर, चुकलं माझं. विचारायला हवं होतं."

"चेहरा मात्र छान झाकलास," सर म्हणाले. चिडून नाही. म्हणूनच जास्त लागलं. "बस मागे. आलायस तर शीक काहीतरी."

म्हणजे तास सोडला नव्हता त्यांनी. मला हायसं वाटलं. अगदी निर्लज्जासारखं.

बोलताना ते एकदाही अडकले नाहीत. मग फळ्याकडे वळले. खडू एकच उचलला. डावं मूत्रपिंड काढलं. थांबले. मग उजवं काढलं, जरासं खाली, नेहमीसारखं. दुसरा हात पूर्ण वेळ कोटाच्या खिशात होता.

मुलं खाली मान घालून उतरवून घेत होती. त्यांच्यासाठी आकृती बरोबरच होती.