माझ्या खडखडाटाखालच्या गोष्टी

मित्रांनो, जरा मान वर करा. कॉलेजच्या या वर्गात शेवटच्या बाकावर बसलात, की डोक्यावर जो खडखडतो ना, तोच मी, जुना पंखा. तुम्ही मला नावं ठेवता आणि उकडायला लागलं, की माझ्याच खाली येऊन बसता. असो. मी मनावर घेत नाही. आज मात्र माझं थोडं ऐकून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथे एक बाई दिवसभर तांब्याची बारीक तार गुंडाळत बसायच्या. माझ्या पोटातली तार त्यांच्याच हातची. एखादा वेढा सैल पडला, तर त्या सगळी तार उलगडून पुन्हा गुंडाळायच्या. म्हणून मी इतकी वर्षं टिकलो, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. मग मला रंग दिला, खोक्यात भरलं आणि एके दिवशी वायरमनकाकांनी या वर्गाच्या छताला टांगलं. तेव्हा काय माझा थाट! आवाज म्हणून नव्हता. माझ्या खालची जागा पकडायला मुलं धावत यायची.

पुढे बेअरिंग झिजलं आणि मी खडखडायला लागलो. वायरमनकाका दर वेळी सांगायचे, "साहेब, याचं बेअरिंग बदलायला हवं." ऑफिसातून उत्तर यायचं, "फिरतोय ना? मग फिरू दे." मी फिरत राहिलो. पाती धुळीनं काळी पडली. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

पण माझ्या या खडखडाटाचाही फायदा घेणारं कुणीतरी निघालंच. शेवटच्या बाकावर दोन मावसबहिणी बसायच्या. थोरलीच्या डोक्यात सदा काहीतरी शिजत असायचं. मी तिला मनातल्या मनात गोष्टवाली म्हणायचो. अर्थशास्त्राचे सर जुन्या टिपणांमधून एका सुरात वाचू लागले, की वर्ग पेंगायचा आणि धाकटी कोपरानं ढोसायची, "ताई, आज कुणाची?" मग गोष्टवाली पुढच्या बाकांवरची एक पाठ निवडायची आणि तिची गोष्ट रचायची. सगळ्यांवर रुबाब करणारा वर्गप्रतिनिधी म्हणे घरी धाकट्या भावाला घाबरून पलंगाखाली लपतो. पहिल्या बाकावरची हुशार मुलगी म्हणे जुळी आहे. अभ्यास एक करते आणि परीक्षेला दुसरी बसते. आणि सरांना म्हणे झोपेत वाचायची सवय आहे. माझ्या आवाजात हे सगळं बुडून जायचं. मीही कान टवकारून ऐकायचो. मलाही तो तास जाता जात नसे.

मग एक दिवस वर्गातला प्रोजेक्टर नाहीसा झाला. प्राचार्य स्वतः येऊन बजावून गेले, "ज्यानं नेला तो सापडला, की त्याच दिवशी त्याचं नाव कॉलेजातून काढून टाकीन." तेव्हापासून जो तो शेजाऱ्याकडे संशयानं बघू लागला.

खिडकीशी एक अबोल मुलगा बसायचा. त्याच्याजवळ नेहमी एक मोठी कापडी पिशवी असे. ती मांडीवर धरून तो तास ऐकायचा आणि तास संपला, की कुणाशी न बोलता निघून जायचा. त्या दिवशी धाकटीनं त्याच्याकडे बोट दाखवलं. गोष्टवाली रंगात आली. तिच्या गोष्टीत एक पहारेकरी होता, तो अंधारात दबा धरून बसला होता. गोष्ट चढत गेली तसा तिचा आवाजही चढत गेला. माझ्यावर भरवसा होता ना तिचा!

आणि वीज गेली.

मित्रांनो, मी थांबलो. थांबणं माझ्या हातात नव्हतं. वर्गात एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत पहारेकऱ्याचं वाक्य तिच्या तोंडून सगळ्यांनी ऐकलं. "प्रोजेक्टर त्यानंच नेला, त्या पिशवीतून! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!"

सगळ्या माना आधी तिच्याकडे वळल्या, मग धाकटीचं बोट अजून जिकडे होतं तिकडे. अबोल मुलगा पांढराफटक पडला. तो पिशवी घेऊन उठला, तोच वर्गप्रतिनिधीनं दार अडवलं.

"पिशवी उघड."

"नाही."

"का? काय आहे आत?"

"माझं आहे. नाही उघडणार."

सरांनी टिपणं मिटली आणि एकाला प्राचार्यांना आणायला पिटाळलं. वर्गप्रतिनिधीनं पिशवीचा एक बंद धरला, दुसरा मुलाच्या मुठीत होता. शिवण उसवू लागलेली मला वरून दिसत होती. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

गोष्टवालीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. धाकटी तिची बाही ओढत होती. "ताई, गप्प बस ना! उगाच आपल्यावर येईल." गोष्टवालीनं बाही सोडवली आणि ती उभी राहिली.

"त्याला सोड. मी काही पाहिलं नाही. ती गोष्ट होती, मी रचलेली."

कुणी विश्वास ठेवायलाच तयार नाही! "आता घाबरलीस म्हणून फिरवतेस होय?" वर्गप्रतिनिधी म्हणाला. "डोळ्यांनी पाहिलं म्हणालीस की!"

"तुझीही रचलीय," ती म्हणाली. "तू धाकट्या भावाला घाबरून पलंगाखाली लपतोस." कुणीतरी फिस्सकन हसलं. वर्गप्रतिनिधीच्या हातून बंद सुटला. मग तिनं जुळ्या बहिणींची गोष्ट सांगितली. पहिल्या बाकावरची मुलगी हसली नाही, तिनं मान खाली घातली. "आणि सर, तुम्ही झोपेत वाचता, हेही मीच रचलं." आता कुणीच हसलं नाही. सर आपल्या टिपणांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

प्राचार्य दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "बाळ, तू जा," ते अबोल मुलाला म्हणाले, आणि गोष्टवालीला म्हणाले, "तू माझ्या खोलीत ये."

"माफ कर," मुलगा जवळून जाताना ती पुटपुटली.

"आत काय आहे ते तुला कधीच सांगणार नाही," तो म्हणाला. "रचत बस."

पुढे प्रोजेक्टर सापडला. ऑफिसानंच तो दुरुस्तीला पाठवला होता आणि कुणाला सांगायचं राहून गेलं होतं! म्हणजे चोरी झालीच नव्हती. तरीही तो मुलगा वर्गात आला, की नजरा पिशवीकडे जायच्या. कंटाळून एक दिवस तो पिशवीशिवाय आला. तेव्हा सगळ्यांनी त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. गोष्टवालीनंही पाहिलं आणि डोळे पुसले.

मित्रांनो, माझी पाती पुसा, बेअरिंग बदला, एवढं मागायचा मला हक्क आहे. पण बेअरिंग राहिलं तरी चालेल, दुसरं एक मागणं ऐका. गोष्टी खुशाल रचा. तास किती कंटाळवाणा असतो, हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. फक्त अशी गोष्ट रचा, की मी मध्येच बंद पडलो आणि ज्याची गोष्ट त्यानंच ती ऐकली, तर त्यानं मागे वळून हसावं.